शंभर पावलं आग्नेयेला

खड्डा बुजवून घरी परतलो त्याला आज तीन आठवडे झाले. बाबांचं परतीचं विमान पुढच्या शुक्रवारी आहे. त्यांची निळी वही बॅगेत जायच्या आत समोर घेऊन बसले आहे; खालच्या तारखा, मापं आणि आकडे बहुतेक तिच्यातलेच. हे लिहायचं कारण साधं आहे. पुस्तकातलं पुरलेल्या खजिन्याचं कोडं कसं सोडवायचं यावर ढीगभर मजकूर मिळतो, पण कोडं सुटलं असं वाटल्यावर सार्वजनिक बागेत रीतसर परवानगी काढून फावडं कसं मारायचं, हे सांगणारं मला काहीच सापडलं नव्हतं. नऊ महिने आम्ही चाचपडत गेलो. पुढच्याला निदान वाट ठाऊक असावी.

पुस्तकाचं नाव 'द सीक्रेट'. बायरन प्राइस या न्यूयॉर्कच्या लेखक-प्रकाशकानं ते १९८२ साली काढलं. त्याआधी त्यानं उत्तर अमेरिकेत बारा ठिकाणी बारा सिरॅमिकच्या नक्षीदार कुप्या प्लास्टिकच्या पेट्यांत घालून पुरल्या. प्रत्येक कुपीत एक किल्ली. किल्ली आणून द्या, रत्न घेऊन जा, असा करार. पुस्तकात जॉन जूड पॅलेनकार यांनी काढलेली बारा चित्रं आहेत आणि बारा कविता आहेत. कुठल्या चित्राला कुठली कविता, हे सांगितलेलं नाही. ती जोडी आपणच लावायची. चित्रातून शहर कळतं, कवितेतून त्या शहरातली नेमकी जागा. चाळीस वर्षांत फक्त तीन कुप्या मिळाल्या: १९८३ मध्ये शिकागोच्या ग्रँट पार्कात, २००४ मध्ये क्लीव्हलँडच्या ग्रीक बागेत आणि २०१९ मध्ये बॉस्टनच्या एका खेळाच्या मैदानात. प्राइस २००५ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. उरलेल्या नऊ जागा त्यांच्याबरोबरच गेल्या. तरी बॉस्टनची कुपी सापडली तेव्हा त्यांच्या कुटुंबानं रत्न देऊन शब्द पाळला. ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या सुट्टीत बाहेर पारा उणे वीसच्या खाली गेला, तीन दिवस दाराबाहेर पाऊल टाकता येईना. माझी तेरा वर्षांची लेक तेव्हा या पुस्तकामागे लागली. १९८२ ची मूळ प्रत फार महाग पडते. पुनर्मुद्रण २४ डॉलरला मिळालं. ज्या ग्रँट पार्कातून आम्ही निदान पन्नास वेळा गेलो असू, तिथे माझ्या लहानपणी तीन शाळकरी पोरांनी खजिना खणून काढला होता, हे कळल्यावर ते पुस्तक आमच्या घरात नुसतं पुस्तक राहिलं नाही.

मिल्वॉकी निवडलं ते जवळ आहे म्हणून. एका चित्रात जात्याचा दगड आहे, हातात धरायची काठी आहे आणि किल्ली आहे. मिल, वॉक, की. लेकीनं तिन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं उच्चारले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. शोधणाऱ्यांना हे कित्येक वर्षं ठाऊक आहे, हे नंतर कळलं. त्या रात्रीचा आनंद त्यानं कमी झाला नाही. त्या चित्राला जी कविता जोडतात तिच्यात मिचेलच्या तीन मजल्यांचा उल्लेख येतो, मग पुष्कळ पायऱ्या, होकायंत्र, पुलाखालची मोरी, तिथून खडक-मातीवरून आग्नेयेला शंभर पावलं आणि शेवटी बर्चची (पांढऱ्या खोडाची) झाडं. पाचव्या उंच झाडाच्या दक्षिणेला, पायथ्याशी ठेवा. मिचेल म्हणजे जुन्या सावकाराची इमारत धरायची की मिचेल पार्कातले काचेचे तीन घुमट, यावर वाद आहे. पण शेवटची वाट बहुतेक जण लेक पार्कातच नेतात. सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनीच ही बागही आखली. मिशिगन सरोवराच्या काठावरचा उंच कडा, त्यात खोल घळी, घळींवर पूल आणि सरोवराकडून वर येणारा रुंद दगडी जिना, असं तिचं रूप आहे.

पहिली फेरी १८ मार्चला केली. जाऊन-येऊन सव्वादोनशे मैलांच्या आत, पेट्रोल आणि टोल मिळून ४० डॉलरच्या आसपास. घळींमध्ये अजून बर्फ होता, पायवाटा निसरड्या. त्या दिवशी आम्ही काही शोधलं नाही, नुसतं चाललो, आणि तेच बरं झालं. घरी नकाशावर जे दोन ठिपके शेजारी दिसत होते, त्यांच्यामध्ये तिथे अख्खी घळ होती. बर्च मात्र जवळजवळ दिसलेच नाहीत. मन खट्टू झालं. मग वाचलं की शहरातल्या बागांमध्ये बर्च फार काळ टिकत नाही. उन्हाळ्याच्या झळा आणि खोडात शिरणारा एक भुंगा त्याला लवकर संपवतात. १९८२ मध्ये कवितेत ज्याला कोवळं झाड म्हटलंय, ते आज असेलच असं धरून चालणं चूक होतं. आपण झाड शोधत नाही, झाड कुठे होतं ते शोधतोय, हे ध्यानात आल्यावर कामाची दिशाच बदलली.

म्हणून १५ एप्रिलची दुसरी फेरी बागेत न जाता मिल्वॉकीच्या मध्यवर्ती सार्वजनिक वाचनालयात. तिथल्या स्थानिक इतिहास विभागातल्या बाईंना मी आडपडदा न ठेवता सांगितलं की आम्ही कशासाठी आलोय. त्यांनी बागेचे जुने नकाशे आणि छायाचित्रांच्या फाइली टेबलावर आणून ठेवल्या. फोटोकॉपीचे ६ डॉलर झाले. जुनी हवाई छायाचित्रं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तीही आम्ही घरी उतरवून घेतली होती. हे करणार असाल तर पानगळीनंतरची, शक्यतो एप्रिलच्या सुरुवातीची छायाचित्रं शोधा. उन्हाळ्यातल्या फोटोत सगळी बाग म्हणजे एक हिरवी गोधडी दिसते.

२४ एप्रिलला बाग ज्यांच्या अखत्यारीत आहे त्या कार्यालयाला पहिली ईमेल पाठवली. दोन आठवडे काहीच नाही. १० मेला आठवण केली, १८ मेला उत्तर आलं: अर्ज भरा, जागेचा नकाशा, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, अवजारं, माणसं किती, बुजवणार कसं, सगळं लिहा. माझी पहिली ईमेल पानभर होती आणि तीत कोडं कसं सुटलं तेच जास्त होतं. ते वाचायला तिथे कुणाकडे वेळ असणार? पुढे फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांना तीनच गोष्टी आधी हव्या असतात: कुठे, किती खोल, आणि नंतर ती जागा कशी दिसेल. कवितेतल्या ओळी सोबतच्या कागदावर जोडा, ईमेलमध्ये नकोत.

मधल्या काळात, २ मेला, बाबा आले होते. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, कराडच्या बाजूला तीस वर्षं मोजणी केलेली. मी २६ मेला अर्ज भरून पाठवला तेव्हा त्यांना दाखवला नाही, कारण प्रवासाचा शीण होता आणि मलाच घाई झाली होती. हे लिहिताना आजही चुटपुट लागते. २० जूनला नकार आला. मी दाखवलेली जागा घळीच्या उतारावर होती. तो कडा आधीच ढासळतोय, त्यामुळे उतारावर खणायला कुणालाही परवानगी नाही. शिवाय जागा एका मोठ्या झाडाच्या मुळांच्या घेरात येते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

लेक रडली. मलाही दोन दिवस दुसरं काही सुचेना. बाबांनी ते पत्र मागून घेतलं, चष्मा लावला, लेकीकडून शब्द न् शब्द समजून घेतला आणि म्हणाले, "अगं, हा नकार न्हाई. कुठं खणू नये ते त्यांनी फुकट सांगितलंय. आता उरलं कुठं, ते बघू." मग मला जवळ बसवून विचारलं, "शंभर पावलं म्हणतेस, पण पाऊल कुणाचं?"

खरं तर हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

८ जुलैच्या सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर बाबांनी टेपनं ६६ फूट आखले. ६६ का, तर त्यांच्या खात्याची शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. दोन साखळ्या चालून बघायच्या. बाबांची २७ पावलं झाली, माझी २९, लेकीची ३१. म्हणजे शंभर पावलांत बाबा २४४ फूट जातात, मी २२८ आणि ती २१३. एकाच ओळीचा अर्थ लावताना आमच्या घरातच एकतीस फुटांचा फरक! प्राइस उंचापुरा होता की बुटका, उतारावर चालला की सपाटीवर, यानं तो आणखी वाढतो. दुसरी गोष्ट होकायंत्राची. चुंबकीय उत्तर सरकत असते, हे बाबांना नोकरीमुळे पाठच होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं आग्नेय आणि आजच्या सुईचं आग्नेय एक नव्हे. तीन अंशांचा फरक धरला तरी अडीचशे फुटांवर जागा तेरा फूट बाजूला जाते. कवितेचा एक ठिपका नसतोच. पंख्यासारखा पसरलेला पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यातून जुन्या खुणांच्या आधारानं जागा गाळत जायची. बाबांच्या भाषेत, आधी खूण पटवायची, माप नंतर.

१५ जुलैला तिसरी फेरी. बाबांच्या डोक्यावर गांधी टोपी, हातात वही. सरोवरावरून गार वारा येत होता, त्यामुळे ऊन जाणवलं नाही. त्यांनी मोरीचं तोंड, पुलाचा खांब आणि जिन्याचा कठडा अशा तीन न हलणाऱ्या खुणा धरल्या आणि त्यांपासून टेपनं टिपण, म्हणजे मापांसह कच्चा नकाशा, काढलं, अगदी शेताचं काढावं तसं. वाचनालयातल्या एका छायाचित्रात बाकामागे पांढऱ्या खोडांची एक रांग दिसत होती. बाक आता नाही, पण त्याच्या पायाचा सिमेंटचा चौकोन गवतात अर्धा दडलेला लेकीला सापडला. त्या चौकोनावरून रांग कुठून कुठे गेली असेल ते बाबांनी कागदावर उतरवलं. एका जागी गवत किंचित बसलेलं होतं, थाळीएवढा खळगा. झाड काढून बुंधा कुजला की जमीन तशी खचते, असं बाबा म्हणाले. तसे खळगे ओळीत चार मिळाले. पाचव्याची जागा त्याच अंतरानं पुढे धरली. ती सपाट हिरवळीवर होती, उतारापासून लांब, आजच्या कुठल्याही मोठ्या झाडापासून लांब. त्या दुपारी आम्ही तिघं गवतावर बसून दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली आणि कुणीच फार बोललं नाही.

त्या दिवशी सळई खुपसून बघायचा मोह फार झाला. तसं करू नका. परवानगीशिवाय बारीक सळई घालणं हेसुद्धा जमिनीला हात लावणंच आहे. मेटल डिटेक्टरचाही फारसा उपयोग नाही. पेटी प्लास्टिकची, कुपी सिरॅमिकची.

दुसरा अर्ज २४ जुलैला गेला. या वेळी ईमेल आठ ओळींची. सोबत बाबांचं टिपण, तिन्ही खुणांपासूनची अंतरं, चारी बाजूंनी काढलेले फोटो. ९ ऑगस्टला एका अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाजात जिव्हाळा होता. टिपण कुणी काढलं, हे त्यांनी सर्वांत आधी विचारलं. भारतातल्या निवृत्त मोजणीदारानं, असं सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले की असा नकाशा सोबत असलेला अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. बाबांना हे मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. संध्याकाळी मात्र कराडला काकांना फोन करून दोनदा सांगितलं.

तरीही लगेच परवानगी नव्हती. लेक पार्कात मूळ रहिवाशांचं एक जुनं टेकाड आहे, तिथे पूर्वी असलेल्या अनेक टेकाडांपैकी राहिलेलं शेवटचं. विस्कॉन्सिनमध्ये दफनस्थळांना कायद्याचं संरक्षण आहे. आमची जागा टेकाडापासून दूर होती, पण तरी कागद पुरातत्त्वाच्या जाणकारांकडे जाऊन यावे लागले. हा उशीर मला मुळीच खटकला नाही. कुणाच्या पूर्वजांच्या हाडांपेक्षा आपलं कोडं मोठं नाही. अटीही त्यांच्याच सांगण्यावरून आल्या: फक्त हातानं चालवायची अवजारं, खड्डा दोन फूट बाय दोन फूट, खोली तीन फूट, एक इंचही जास्त नाही, हाड, मातीचं भांडं, घडवलेला दगड दिसला की काम तिथेच थांबवायचं, कार्यालयाचा माणूस पूर्ण वेळ हजर, आणि दहा लाख डॉलरचा एक दिवसाचा दायित्व विमा (कुणाचं नुकसान झालं तर भरपाईसाठीचा), ज्यात बागेच्या मालकाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून हवं.

या विम्यानं मला सर्वांत जास्त दमवलं. घराचा विमा देणाऱ्या कंपनीनं नाही म्हटलं. दुसऱ्या दोन ठिकाणी 'खोदकाम' हा शब्द ऐकून बांधकाम कंत्राटदाराचे दर सांगितले, हजारांच्या पुढे. शेवटी एका एजंटानं समजावलं की कामाचं वर्णन नीट करा: हातानं खणलेला एक खड्डा, यंत्र नाही, मजूर नाहीत, एक दिवस, चार माणसं. मग छोट्या कार्यक्रमांसाठी मिळतो तसा विमा १४२ डॉलरला मिळाला. प्रमाणपत्रावर मालकाचं नाव अक्षर न् अक्षर अर्जातल्यासारखंच हवं. आमच्या पहिल्या प्रमाणपत्रात एक शब्द राहिला आणि चार दिवस गेले.

६ सप्टेंबरला परवानगीचं पत्र आलं. तारीख २२ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी नऊ.

यानंतर एकच पायरी उरते, पण ती चुकवू नका. अमेरिकेत कुठेही खणण्याआधी ८११ वर फोन करायचा असतो. विस्कॉन्सिनमध्ये या सेवेला डिगर्स हॉटलाइन म्हणतात. फुकट आहे, निदान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. खणायची जागा पांढऱ्या झेंड्यांनी दाखवायची. मग ज्यांच्या तारा-नळ जमिनीखाली आहेत ते येऊन रंगानं खुणा करतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट. नवरा १३ तारखेला कामावरून परस्पर मिल्वॉकीला जाऊन झेंड्या रोवून आला, १४ ला मी फोन केला. एक बारकावा: जागेच्या मालकाच्या स्वतःच्या खासगी तारा, म्हणजे बागेतल्या दिव्यांच्या, पाणी फवारणाऱ्या नळ्या, या सेवेत येत नाहीत. त्या मालकालाच विचाराव्या लागतात. आम्ही विचारल्या, जवळून काही जात नव्हतं.

१९ तारखेला गणपती बसले, २० ला दीड दिवसाचं विसर्जन केलं. निरोप देताना लेकीनं काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. २२ ला पहाटे साडेपाचला निघालो. शाळेला मी खरं कारण लिहून रजा मागितली होती.

गाडीत दोन फावडी, खुरपं, जुना स्वयंपाकघरातला चाकू, दोन ताडपत्र्या, बादल्या आणि टेप. नवं घेतलेलं सामान ५८ डॉलरचं. कार्यालयाचे गृहस्थ आमच्या आधी येऊन थांबले होते. बाबांनी तिन्ही खुणांपासून पुन्हा मोजून चौकोनाचे कोपरे पक्के केले. मग हिरवळीच्या लाद्या चाकूनं कापून, मुळांसकट उचलून, एका ताडपत्रीवर ज्या क्रमानं काढल्या त्याच क्रमानं मांडल्या. वरची काळी माती दुसऱ्या ताडपत्रीच्या एका टोकाला, खालची दुसऱ्या टोकाला. बुजवताना उलट्या क्रमानं भरायची असते, म्हणून मिसळू द्यायची नाही.

पहिले दहा इंच काळी, भुसभुशीत माती, गांडुळांनी भरलेली. चौदा इंचांवर कुजकं, तंतू तंतू झालेलं मूळ लागलं. झाड होतं! बाबांनी ते तळहातावर घेऊन लेकीला दिलं. नवरा आणि मी आळीपाळीनं खणत होतो. बाबा कडेला गुडघ्यावर बसून दर दोन इंचांना वहीत लिहीत होते. बावीस इंचांवर फावड्याखाली ठक्क असा आवाज झाला.

सगळे थांबलो. ते गृहस्थही पुढे झुकले. मी फावडं टाकून हातांनीच माती बाजूला करू लागले. काहीतरी सपाट, फिकट रंगाचं, एक कड सरळ. लेकीनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ उठला. पाच मिनिटं खुरप्यानं भोवतालची माती काढली. दगड होता, चुनखडीसारखा, मोठ्या पुस्तकाएवढा. उचलून खाली बघितलं. खाली माती.

अठ्ठावीस इंचांनंतर रंग बदलला. तांबूस-करडी चिकण माती, घट्ट, एकसारखी, बारीक खड्यांची. बाबा खड्ड्याच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. मग लेकीचं बोट धरून त्यांनी ते भिंतीवरून वरून खाली फिरवलं. "बघ. वरची काळी, मधली मिसळीची, मग ही. तिन्हींच्या रेघा कशा सरळ आल्यात. इथं कुणी आधी खड्डा केला असता तर या रेघा तुटल्या असत्या, काळी माती खाली उतरली असती. ही माती कुणी हलवलेली न्हाई." तीन फुटांपर्यंत नेलं, कारण तेवढी परवानगी होती. तसंच, घट्ट, कोरं. भिंतींनाही बाजूनं कुठे तुटकी रेघ नव्हती.

मला वाटलं होतं मी रडेन. तसं झालं नाही. मनात काहीतरी निवांत झालं, कारण बाबांनी दाखवलं ते डोळ्यांना दिसत होतं. कदाचित, बहुधा, एखाद वेळेस, यातलं काहीच उरलं नव्हतं. इथे नाही. वाईट वाटलं ते लेकीसाठी. पण ती खड्ड्यात उतरून भिंतीचे फोटो काढत होती, टेप धरून, वरपासून खालपर्यंत.

बुजवायला दीड तास लागला. खालची माती आधी, दर सहा इंचांना पायानं दाबून, मग काळी, मग लाद्या. वरून चार बादल्या पाणी. माती थोडी उरते, ती पसरून टाकू नका; आम्ही विचारून मगच एका झाडाच्या आळ्यात घातली. पावणेदोनला त्या गृहस्थांनी फोटो घेतला, आमच्या कागदावर सही केली आणि बाबांशी हात मिळवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी ते दोघं खुणेच्या दगडांविषयी दहा मिनिटं बोलले, मी मध्ये दुभाषी.

एकूण खर्च: पाच फेऱ्यांचे २००, विमा १४२, अवजारं ५८, पुस्तक २४, फोटोकॉपी ६. मिळून ४३० डॉलर. पहिल्या ईमेलपासून खड्ड्यापर्यंत जवळपास पाच महिने लागले. थंडीत जमीन गोठते, त्यामुळे एप्रिलच्या आतली आणि नोव्हेंबरनंतरची खणायची तारीख मागून फायदा नाही. फेब्रुवारीत कागद सुरू केले तर उन्हाळ्यात तारीख मिळण्याची आशा धरता येते.

नेमकी जागा इथे लिहीत नाहीये. त्या हिरवळीत कुणी रात्री येऊन शेजारचा चौकोन उकरावा, असं मला नको आहे. कार्यालयाला मात्र आम्ही सगळं दिलं: टिपण, थरांची आकृती, फोटो. पुढच्या कुणाचा अर्ज त्याच ठिकाणचा आला तर तिथे काय आहे ते त्यांच्याकडे नोंदलेलं असेल.

काल रात्री जेवण झाल्यावर बाबांनी वही उघडून मला पुन्हा ते जुलैचं टिपण दाखवलं. चार खळग्यांची रांग आम्ही दक्षिणेकडून मोजली होती. उत्तरेकडून मोजली तर पाचवं झाड दुसऱ्या टोकाला, साधारण अडतीस फुटांवर येतं, आणि तीही जागा सपाट आहे. त्यांनी तिथे पेन्सिलीनं बारीक फुली केली, खाली तारीख घातली. लेकीनं त्या पानाच्या दोन फोटोकॉपी काढल्या. एक तिच्या टेबलासमोर भिंतीवर लावली आहे, दुसरी अर्जाच्या फाइलीत.